नव्वद नंबरच्या पलीकडे

गिअरबॉक्समधल्या तेलाकडून आपण दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी मागतो. एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दातांच्या मध्ये त्याने ठाण मांडून बसावे आणि कितीही दाब आला तरी लोखंड लोखंडाला भिडू देऊ नये, ही पहिली मागणी. दुसरी नेमकी उलट आहे. गिअर बदलण्याच्या क्षणी सिंक्रोनायझरच्या, म्हणजे फिरत्या भागांचे वेग जुळवून देणाऱ्या यंत्रणेच्या, पितळी कडीला समोरच्या गिअरचा शंकू घट्ट पकडता यावा, म्हणून त्या दोघांच्या मधून त्याच तेलाने तत्काळ बाजूला व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. तेल निवडताना या दुसऱ्या मागणीचा बहुतेकांना विसर पडतो, कारण डब्यावर छापलेली सगळी विशेषणे पहिल्या मागणीबद्दलच असतात. मला जे सांगायचे आहे ते या दुसऱ्या, मागे पडलेल्या मागणीच्या बाजूने आहे.

माझ्याकडे अबार्थ पुन्टो आहे. फियाटने ती ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात आणली : १.४ लिटरचे टर्बो टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. दोन दारांची आणि जमिनीलगत धावणारी असेल तीच स्पोर्ट्स कार, असे मानणाऱ्यांना पाच दारांच्या हॅचबॅकला त्या पंक्तीत बसवणे पटणार नाही, पण ताम्हिणीच्या वळणांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती ज्या रीतीने वागते, ते अनुभवल्यावर मला दारे मोजावीशी वाटत नाहीत. शिवाय ही गाडी आमच्या जिल्ह्यातली आहे. नगर रस्त्याने महागणपतीच्या दर्शनाला जाणारे पुणेकर ज्या रांजणगावाला थांबतात, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत ती बनत असे. आता फियाटची विक्री भारतात थांबून बरीच वर्षे झाली, सुट्या भागांसाठी चार ठिकाणी विचारणा करावी लागते, आणि म्हणूनच जे भाग गिअरबॉक्सची पेटी उघडल्याशिवाय बदलता येत नाहीत त्यांची काळजी तेलाकरवी घेणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

पुण्यात गाडी चालवणाऱ्याचा सर्वाधिक संबंध येतो तो दुसऱ्या गिअरशी. सिंहगड रस्ता असो, कर्वे रस्ता असो किंवा विद्यापीठ चौक असो, गाडी पहिल्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यातून पुन्हा दुसऱ्यात अशीच पुढे सरकत राहते, आणि या प्रत्येक बदलाचा भार एका छोट्या पितळी कडीवर पडतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा गाडी काढल्याबरोबर दुसरा गिअर टाकताना दांडा जरा अडतो, थोडा जोर मागतो, आणि घाई केली तर आतून खर्र असा आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालल्यावर तोच गिअर निमूटपणे पडतो. या लक्षणावर अनेक जण लगेच क्लचचा संशय घेतात. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी असेच होते, हे खरे, पण तो दोष उन्हाळ्या-हिवाळ्यात भेद करत नाही. फक्त थंड असताना अडणारा आणि तापल्यावर मोकळा होणारा गिअर बहुतेक वेळा तेलाबद्दल काहीतरी सांगत असतो.

सिंक्रोनायझर येण्यापूर्वी हे काम चालकाचा पाय करत असे. जुन्या एसटीचे चालक खंबाटकीच्या चढावर डबल क्लच मारताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते आठवत असेल : क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा नेमका एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा, आणि हे सगळे गाडीचा वेग मरायच्या आत. दोन फिरत्या भागांचा वेग सारखा झाल्याशिवाय दात एकमेकांत बसत नाहीत, ही त्यामागची अडचण. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला आणि वेग जुळवण्याचे काम पेटीच्या आतच होऊ लागले; पुढे १९५२ मध्ये पोर्शने आपल्या ३५६ या गाडीत स्वतःच्या रचनेचे सिंक्रोनायझर बसवले, आणि वेगवान गाड्यांमध्ये झटपट गिअर बदलणे ही कसलेल्या चालकांपुरती मर्यादित गोष्ट राहिली नाही.

आत जे घडते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. आपण दांडा दुसऱ्या गिअरकडे ढकलतो तेव्हा आतली स्लीव्ह, म्हणजे गिअरला जोडणारी बाही, सरकते आणि पितळी कडीला गिअरच्या शंकूवर दाबते. कडीच्या आतल्या अंगाला अतिशय बारीक चऱ्या असतात. शंकूवर पसरलेला तेलाचा थर त्या चऱ्या कापतात आणि तेल त्यांतून बाहेर निसटते. थर गेला की धातू धातूला धरतो, घर्षण निर्माण होते आणि त्या घर्षणाने गिअरचा वेग स्लीव्हच्या वेगाशी येऊन मिळतो. तोपर्यंत कडीचे टोकदार दात स्लीव्हची वाट अडवून उभे असतात. वेग जुळला की कडीवरचा ताण उतरतो, ती किंचित बाजूला फिरते आणि स्लीव्ह पुढे जाऊन गिअरमध्ये बसते. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या एका छोट्या अंशात आटोपतो. आता यात तेलाची बाजू पाहू. तेल फार दाट असेल तर चऱ्यांना ते वेळेत कापता येत नाही, कडीची पकड उशिरा बसते आणि दांडा अडल्यासारखा वाटतो, आणि थंडीतल्या सकाळी घडते ते हेच. तेल फार निसरडे असेल तर कडी नुसतीच घसरत राहते, वेग जुळायच्या आधीच स्लीव्ह रेटली जाते आणि दातांवर दात आपटतात. खर्र आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, पण कारणे वेगळी असतात, आणि दाटपणाच्या तक्रारीवर जास्त निसरडे तेल ओतले तर दुखणे वाढते.

दुचाकींच्या या शहरात हे तत्त्व खरे तर घरोघरी माहीत असायला हवे. आकुर्डी-चाकणच्या पल्सरसारख्या मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असतात, आणि क्लचच्या प्लेटा घसरू नयेत म्हणून त्या तेलाच्या डब्यावर जासो एमए ही मोटरसायकलच्या तेलासाठीच्या जपानी मानकाची खूण पाहून घ्यावी लागते. इंधन वाचवण्यासाठी जास्त निसरडे केलेले मोटारीचे इंजिन ऑइल मोटरसायकलमध्ये घातले, तर ते उत्तम प्रतीचे असूनही क्लच घसरू लागतो. तेल चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे किती घर्षण शिल्लक ठेवायचे, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आपल्याकडे गॅरेजात गिअर ऑइलला सरसकट ‘नव्वद नंबर’ म्हणतात. ट्रकच्या मागच्या एक्सलचे ते ‘एकशे चाळीस नंबर’. हे आकडे अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या जे-३०६ या मानकातून आले आहेत आणि त्यांचा इंजिन ऑइलच्या आकड्यांशी काहीही संबंध नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शंभर अंश सेल्सिअसला नव्वद नंबरचे गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) इतके दाट असते, आणि इंजिन ऑइलमधला चाळीसचा ग्रेड १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक. म्हणजे ७५डब्ल्यू-९० हे नाव ऐकून ज्यांना काकवीसारखा काही पदार्थ डोळ्यांसमोर येतो, त्यांच्या हे लक्षात यावे, की तापल्यावर ते १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच्याच आसपास वाहते. आकडे मुद्दाम वेगळे ठेवले गेले आहेत, एकाच्या जागी दुसरे ओतले जाऊ नये म्हणून.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीबद्दल बोलतो. ७५डब्ल्यू तेलाने उणे चाळीस अंशांना आणि ८०डब्ल्यू तेलाने उणे सव्वीस अंशांना एका ठराविक मर्यादेपेक्षा घट्ट होऊ नये, अशी अट आहे. पुण्यात उणे सव्वीसचा प्रश्न कधीच येणार नाही, मग ७५डब्ल्यूसाठी जास्त पैसे का मोजायचे, असे कोणी विचारले तर ते रास्त आहे. उत्तर असे, की हे दोन तेलांमधले अंतर फक्त उणे तापमानात दिसते असे नाही. साध्या खनिज ८०डब्ल्यू-९० तेलाचा दाटपणा चाळीस अंशांना साधारण १४० सेंटीस्टोकच्या आसपास असतो आणि सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० चा शंभरच्या आसपास किंवा त्याखाली, जरी शंभर अंशांना दोघे जवळजवळ सारखेच वाहत असले तरी. आपल्या दहा अंशांच्या पहाटे हे अंतर आणखी रुंदावते. गाडी गरम झाल्यावर दोन्ही तेले दातांना सारखाच आधार देतात. पण घरातून निघाल्यापासून पहिल्या दोन-चार किलोमीटरमध्ये दुसऱ्या गिअरची कडी कशाशी झुंजते, ते डब्ल्यूच्या आधीचा आकडा ठरवतो. शहरातल्या बहुतेक फेऱ्या तर तेल पुरते गरम व्हायच्या आतच संपतात.

खरा वाद मात्र दाटपणावर होत नाही. तो अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन वर्गांवर होतो, आणि तो समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींच्या मागच्या एक्सलला हायपॉइड गिअर बसवले. या रचनेत फिरवणारा छोटा गिअर मोठ्या गिअरच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे गाडीच्या मधून जाणारा दांडा खाली नेता येतो आणि गाडीची बैठक बुटकी करता येते. त्याची किंमत अशी, की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर लांबवर घासत जातात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साधे तेल तिथे टिकत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळली जाऊ लागली. दात जिथे तापतात नेमके तिथेच ही संयुगे लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात, झीज त्या थराची होते आणि खालचा पोलादी दात वाचतो. एके काळी यासाठी गंधकाची प्रक्रिया केलेले स्पर्म व्हेलचे तेलही वापरत असत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि तेल उत्पादकांना पर्याय शोधावे लागले. एका अवाढव्य प्राण्याची कत्तल आपल्या गिअरबॉक्सपर्यंत येऊन पोहोचली होती, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

जीएल-५ हा वर्ग या हायपॉइड गिअरसाठी आहे. त्यात गंधक-फॉस्फरसच्या पूरकांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात, ते हवेच. पण पितळ आणि ब्राँझ यांच्यात तांबे असते, आणि सक्रिय गंधक तापलेल्या तांब्याला सोडत नाही. पितळेच्या भांड्यावर काळपट थर चढतो, तो आपण चिंचेने घासून काढतो, पुन्हा चढतो, पुन्हा घासतो आणि दर वेळी भांड्याचे अगदी थोडे पितळ त्या राडीबरोबर जाते. सिंक्रोनायझरच्या कडीचे नेमके असेच होते, फक्त घासण्याचे काम तिथे प्रत्येक गिअर बदलताना होत राहते. जीएल-५ च्या मानकात तांब्याच्या पट्टीची चाचणी आहे : १२१ अंशांच्या तेलात ती तीन तास बुडवून ठेवतात आणि चारपैकी तिसऱ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे चांगली गडद होईपर्यंत, काळवंडली तरी तेल उत्तीर्ण होते. अनेक आधुनिक जीएल-५ तेले या चाचणीत पुष्कळ चांगली ठरतात, हे नमूद केले पाहिजे; पण वर्गाची अट तेवढेच मागते, आणि डब्यावर वर्गच छापलेला असतो. त्यातही पितळाची झीज हा दूरचा धोका आहे. जवळचा धोका असा, की इतके निसरडे तेल कडीला शंकू धरू देत नाही.

जीएल-५ मध्ये पाचाचा आकडा आहे आणि जीएल-४ मध्ये चाराचा, एवढ्या साध्या गोष्टीने किती गोंधळ होतो ते नाना पेठेत दिसते. सुट्या भागांच्या त्या गल्ल्यांमध्ये मी तेल घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी माझी चिठ्ठी वाचून मनापासून सल्ला दिला.

“साहेब, चार कशाला घेता, पाच घ्या की. किंमत तीच आहे आणि माल एक पायरी वरचा.”

“शेठ, डिफरन्शियलसाठी हवे असते तर पाचच घेतले असते,” मी म्हणालो. “ह्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या आहेत.”

ते क्षणभर थांबले, चष्मा वर सरकवला आणि मुलाला हाक मारून म्हणाले, “अरे, ती वरच्या फळीवरची सिंथेटिकची पेटी काढ, पांढऱ्या डब्यांची. मागचे छापील बघून दे त्यांना.”

मागचे छापील बघणे, हाच खरा सल्ला होता. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे लिहिलेले असते त्यावरून काही ठरत नाही. काही डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन्ही वर्ग एकत्र छापलेले असतात. अशा तेलात पूरके जीएल-५ च्या प्रमाणात असतात आणि पितळाला अपाय होऊ नये म्हणून गंधकाचा सक्रियपणा आटोक्यात ठेवलेला असतो. पोर्श ९११ सारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि हायपॉइड डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात असतात, तिथे अशा मध्यममार्गी तेलाशिवाय गत्यंतर नाही. माझ्या गाडीचे इंजिन आडवे आहे आणि पुढची चाके ओढणारे डिफरन्शियल त्याच पेटीत असले तरी त्याचे दात साधे तिरपे आहेत, हायपॉइड नाहीत. म्हणजे जीएल-५ ची ताकद तिथे कोणालाच नको आहे, मग तिचे दुष्परिणाम मी का पत्करावेत? गाडीच्या पुस्तिकेने जीएल-४ वर्गाचे, ७५डब्ल्यूपासून सुरू होणारे सिंथेटिक तेल सांगितले आहे, आणि ज्यांनी तो गिअरबॉक्स आखला त्यांनी कडीची आणि तेलाची जोडी एकत्र बसवून पाहिलेली असते, यावर माझा विश्वास आहे.

पुस्तिकेपासून दूर जाण्याचा मोह स्पोर्ट्स कारच्या मालकांना फार होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण वेगवेगळ्या कारखान्यांनी आपापल्या पेट्यांसाठी काय काय निवडले आहे, ते पाहिले की एकच सर्वोत्तम तेल असू शकते, ही कल्पनाच गळून पडते. १९५९ च्या मूळ मिनीमध्ये गिअरबॉक्स इंजिनच्याच तेलात चालत असे. होंडाने आपल्या कित्येक मॅन्युअल गाड्यांना १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असे सांगितले होते. बीएमडब्ल्यूच्या काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिक गाड्यांचे लालसर, पातळ एटीएफ भरलेले असते. यांतल्या शेवटच्या दोन ठिकाणी नव्वद नंबर ओतले तर दात सुखरूप राहतील आणि गिअर मात्र मनासारखे पडणार नाहीत. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी, म्हणजे एकच चाक मोकळे फिरत राहू न देणाऱ्या डिफरन्शियलसाठी, घर्षण कमी करणारे पूरक मिसळलेले तेल गिअरबॉक्समध्ये गेले तर तीच गत. आणि ‘झीज भरून काढणाऱ्या’ बाटल्या मी कधीही वापरणार नाही, कारण कडीला जे घर्षण लागते त्यावर त्या काय परिणाम करतील, ते त्यांच्या वेष्टनावर कोणी लिहीत नाही.

तेल कधी बदलायचे, या प्रश्नावर कारखाने मोघम बोलतात. अनेक जण म्हणतात, की ते गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले आहे. इंजिन ऑइलसारखी काजळी आणि जळके इंधन गिअरबॉक्समध्ये येत नाही, हे खरे. त्यामुळे तिथले तेल कितीतरी जास्त टिकते. पण धातूचा कीस कुठे जात नाही, कारण बहुतेक पेट्यांमध्ये फिल्टर नसतो. दाटपणा टिकवणारी लांब रेणूंची पूरके दातांमध्ये सापडून तुटत जातात आणि तेल हळूहळू पातळ होते. जे-३०६ मानकात वीस तास भरडून पाहण्याची चाचणी आहे आणि त्यानंतरही तेल आपल्या ग्रेडमध्ये राहिले पाहिजे अशी अट आहे, पण वीस तासांच्या चाचणीने वीस वर्षांची हमी मिळत नाही. साधारण पन्नास-साठ हजार किलोमीटरला एकदा, घाटात जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीचे त्याआधी, आणि नव्या गाडीचे पहिले तेल शक्य तितक्या लवकर काढावे, असे माझे मत आहे, कारण नवे दात एकमेकांशी जुळवून घेताना सर्वाधिक कीस सोडतात.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा आहे आणि पुणेकरांनी तो गांभीर्याने घ्यावा. प्रत्येक गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटे नळकांडे असते. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि त्या नळकांड्यातून पाणी आत ओढले जाऊ शकते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीचे इंजिन सगळे तपासून घेतात, गिअरबॉक्सचे तेल मात्र राहून जाते. ते दुधाळ दिसू लागले, तर किती किलोमीटर झाले हे न बघता त्याच दिवशी काढले पाहिजे.

माझ्या गाडीचे तेल धायरीच्या एका गॅरेजात बदलले. मिस्त्री मुरलेले आहेत आणि कामाच्या वेळी कमी बोलतात. गाडी आधी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल तळाशी बसलेला कीस बरोबर घेऊन उतरते, आणि लिफ्टवर ती चारही बाजूंनी समतल घेतली. हाताखालचा मुलगा खालच्या बोल्टला पाना लावणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “आधी वरचा खोल. तो निघालाच नाही तर भरशील कुठून?” हा नियम प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. वर्षानुवर्षे हात न लागलेला भरणीचा बोल्ट गंजून बसलेला असू शकतो, आणि तेल खाली सांडून गेल्यावर ते कळले तर गाडी तिथेच अडकते. वरचा बोल्ट जरा कुरकुरला आणि निघाला. मग खालचा.

तेल बारीक धारेने पसरट ट्रेमध्ये उतरले. गंधकाचा उग्र वास सगळीकडे पसरला. ज्याने तो एकदा घेतला आहे तो गिअर ऑइल डोळे मिटूनही ओळखेल. रंग तपकिरी झाला होता, पण काळा नव्हता. मिस्त्रींनी दांडीला लावलेला चुंबक ट्रेमधून सावकाश फिरवला आणि वर काढला, तेव्हा त्याच्या टोकाला करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता. मी तो चिमटीत घेऊन चोळला. काजळासारखा गुळगुळीत, कुठे कण बोचत नव्हता. असा लेप प्रत्येक गिअरबॉक्समध्ये सापडतो आणि त्याने घाबरून जाऊ नये. बोटाला टोचणारा तुकडा किंवा दाताचा कपचा निघाला तर मात्र तेल भरण्याआधी पेटी उघडावी लागते. मग त्यांनी थोडे तेल पांढऱ्या कागदावर ओतून दाराशी उन्हात नेले आणि कागद तिरका केला. तेलाच्या पातळ थरात सोनेरी चमक हलली, अगदी विरळ. हे पितळ. चुंबकाला ते लागत नाही, म्हणून नुसता चुंबक पाहून समाधान मानणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही. मिस्त्रींनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “दुसऱ्याची कडी आहे. अजून चालेल, पण घाई करू नका त्याच्यावर.” पेटी न उघडता तिच्या आत डोकावण्याचा याहून जवळचा मार्ग नाही, आणि तेल बदलण्याचे निम्मे मोल मला या कागदात दिसते.

खालचा बोल्ट परत लावताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जिथे तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो तिथे तो नवाच लावावा, कारण तो एकदाच चेपून फट भरण्यासाठी बनवलेला असतो. आणि निमुळत्या आट्यांच्या, वायसर नसलेल्या बोल्टावर हाताच्या अंदाजाने जोर करू नये. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि त्याचे आटे गेले तर पंधरा रुपयांच्या गळतीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते. टॉर्क पाना हातात घ्यायला दोन मिनिटे लागतात, ती द्यावीत. नवे तेल हातपंपाने वरच्या भोकातून भरले. भोकाच्या ओठापर्यंत येऊन ते थेंब थेंब बाहेर पडू लागले की पातळी झाली, म्हणूनच गाडी समतल असणे महत्त्वाचे आहे. डब्यातले उरलेले तेल वाया जाऊ नये म्हणून थोडे जास्तच भरून टाकण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ती चुकीची आहे, कारण जास्तीचे तेल घुसळून फेसाळते आणि सील मधून वाट शोधते.

परिणामाबद्दल जपून लिहितो. सकाळचा अडकलेपणा पुष्कळ कमी झाला; आता घरातून निघाल्यावर पहिल्या वळणालाही दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. ताम्हिणीत इंजिन वरच्या फेऱ्यांमध्ये असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात झटकन यायला गेले, तर मात्र एक पुसट खर्र अजून ऐकू येते. तेवढी कडी झिजलेली आहे आणि कोणतेही तेल तिच्या चऱ्या पुन्हा कोरून देणार नाही. मी आता तिथे खाली येताना ॲक्सिलरेटरचा हलका झटका देतो, एसटीच्या त्या चालकांसारखा, म्हणजे वेग जुळवण्याचा सगळा बोजा कडीवर पडत नाही.

जुने तेल मी गॅरेजातल्या पिंपात ओतलेले पाहूनच निघालो. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. शहरातल्या गटारात ओतलेले तेल अखेर मुळा-मुठेत उतरते. उरलेल्या तेलाच्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून तो कपाटात ठेवला आहे. काही दिवसांनी गाडी पुन्हा लिफ्टवर घेऊन दोन्ही बोल्ट कोरडे आहेत का ते पाहायचे आहे, आणि पुढच्या वेळी तेल काढू तेव्हा तो पांढरा कागद आजच्या कागदाशेजारी ठेवून चमक वाढली की तेवढीच राहिली, हे मिस्त्रींना विचारायचे आहे. वाढली असेल, तर दुसऱ्या गिअरच्या कडीचा शोध आतापासूनच सुरू करावा लागेल.